फिश सॉसची कुळकथा

घरी व्हिएतनामी किंवा थाई पद्धतीचा मासा करायला घेतला की साहित्याच्या यादीत फिश सॉस हटकून येतो, आणि पुष्कळ जण तिथेच अडतात. बाटलीचं झाकण उघडताच वास नाकात शिरतो, मग सोया सॉसवर भागवलं जातं. पदार्थ होतो, पण त्याचा पायाच बदललेला असतो. या बाटलीत मसाला नसतो. मीठ घालून वर्षभर मुरवलेला अख्खा मासाच तिथे द्रवरूपात असतो.

याचा जन्म गरजेतून झाला. उष्ण समुद्रात बोटाएवढी मासळी थव्यानं जाळ्यात येते आणि काही तासांत मऊ पडू लागते. ती टिकवायची कशी? आपल्या कोळीवाड्यांनी बोंबील वलांडीवर टांगले, जवळा उन्हात पसरला. आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांनी मासळी मिठात पुरली आणि सुटलेलं पाणी जपून ठेवलं. तिकडे यासाठी लागतात ते अँचोव्ही जातीचे मासे, म्हणजे आपल्या मांदेलीचे भाऊबंद.

चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मांस आणि मासे मिठात आंबवून ‘ज्यांग’ करत. पुढे त्या भांड्यात सोयाबीन आलं आणि हळूहळू त्यानंच जागा बळकावली. सोया सॉस हा असा याच घराण्यातला धाकटा. दक्षिण चीनच्या फुज्यान किनाऱ्यावर आणि त्याखालच्या मुलखांत मात्र मासा टिकून राहिला. तिकडे भूमध्य समुद्राकाठी रोमन लोकही ‘गारुम’ नावानं असाच रस काढत. पाँपेईतल्या एका गारुम व्यापाऱ्यानं तर घराच्या फरशीवर त्याच्या बरण्यांची चित्रं जडवून घेतली होती.

या कुळाची एक शाखा आपल्या जेवणाच्या टेबलावर कधीची येऊन बसली आहे. फुज्यानी बोलीत माशाच्या आंबवलेल्या रसाला ‘के-चाप’च्या जवळ जाणारं नाव होतं. १७११ मध्ये चार्ल्स लॉकियर या इंग्रज व्यापाऱ्यानं उत्तम केचप टोंकिनहून, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून, येतं असं लिहून ठेवलं. इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत अँचोव्ही, अळंबी, अक्रोड घालून त्याच्या नकला झाल्या. १८१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझनं टोमॅटोची कृती छापली. नंतर मासा गळाला, साखर वाढली आणि नाव तेवढं उरलं.

अस्सल रस पाहायचा तर फू क्वॉक बेटाकडे वळावं. थायलंडच्या आखातातलं हे व्हिएतनामी बेट. इथं मासळीला मीठ होडीवरच लागतं: तीन भाग मासा, एक भाग मीठ. मग ती पुरुषभर उंचीच्या लाकडी पिंपांत भरतात. पिंपांच्या फळ्या वेताच्या जाड दोरांनी आवळलेल्या असतात. आपण मासा हातात घेतला की आधी पोट साफ करतो; इथं ते मुद्दाम ठेवतात, कारण सगळं काम माशाच्या पोटातलीच पाचकद्रव्यं करतात. ती मांसातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात, आणि एवढ्या मिठात सडवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. तळाच्या तोटीतून रस काढायचा, वरून परत ओतायचा, असं करत साधारण वर्ष जातं. शेवटी उतरतो तो तांबूस, नितळ रस. प्रथिनांच्या विघटनातून सुटलेलं ग्लुटामेट त्यात भरपूर असतं. याच चवीला जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ‘उमामी’ म्हटलं. फू क्वॉकच्या या रसाला व्हिएतनामनं २००१ मध्ये आणि युरोपीय संघानं २०१२ मध्ये भौगोलिक मानांकन दिलं.

घरच्या चुलीवर याचा खरा कस ‘का खो’ या व्हिएतनामी माशाच्या पदार्थात लागतो. मातीच्या भांड्यात थोडी साखर गडद तपकिरी होईपर्यंत वितळवायची. काळी पडली तर कडू होते, म्हणून नजर हलवायची नाही. त्यात शहाळ्याचं पाणी आणि फिश सॉस ओतला की वास भसकन वर येतो आणि थोड्याच वेळात मावळतो. मग माशाचे जाड तुकडे आणि भरपूर मिरपूड घालून, रस तुकड्यांना चिकटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. व्हिएतनाममध्ये यात बहुधा मागूरसारखा गोड्या पाण्यातला मासा असतो. आपल्याकडे सुरमई किंवा रावस चांगला टिकतो. बोंबील यात घालू नये, त्याचा लगदा होतो. तळलेल्या माशासोबत हवी असेल तर चटणी याहून सोपी: कोमट पाण्यात साखर विरघळवून लिंबू, लसूण, मिरची आणि फिश सॉस.

या पदार्थांत वेगळं मीठ आधी टाकू नका. चाखून, लागलंच तर शेवटी. आणि बाटली घेताना मागचा कागद वाचा. मासा आणि मीठ ही दोनच नावं असतील, फार तर किंचित साखर, तर ती घ्या. काही बाटल्यांवर नायट्रोजनचा अंकही असतो, एका लिटरमागे किती ग्रॅम ते सांगणारा. तो ३० च्या पुढे असेल तर रस दाट आणि चांगल्या प्रतीचा समजावा.