नाट्यपदाचा वक्ता : रंगमंचावरील आणि तबकडीवरील

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासाची जी साधने आज अभ्यासकाच्या हाती आहेत, त्यांत ध्वनिमुद्रिकेस विशेष मान प्राप्त झालेला आहे. छापील नाटक मुके असते. आठवणी लिहिणाऱ्याची स्मृती त्याच्या आवडीनिवडींनी रंगलेली असते. तबकडी मात्र प्रत्यक्ष गाते. म्हणून तिची साक्ष अंतिम मानण्याकडे आपला कल होतो. ही साक्ष खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती नेमकी कशाची साक्ष आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात तो भाषेच्या अंगाने विचारावयाचा आहे. नाट्यपदात जो 'मी' बोलतो, तो कोण?

या प्रश्नाचा आरंभ सांगलीतच करावा लागतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळचे भाषण करीत. म्हणजे गाणारा एक आणि बोलणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती. पदातील वक्ता कथा सांगणारा होता. पात्राचा 'मी' गद्यात होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा पद पात्राच्या मुखी गेले. हा बदल केवळ संगीताचा नव्हे, व्याकरणाचाही आहे. येथून पुढे पदातील प्रथमपुरुष हा पात्राचा प्रथमपुरुष झाला, आणि 'तू' म्हणजे समोर उभे असलेले दुसरे पात्र झाले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि खुद्द सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी पुढे जी नाटके लिहिली, त्यांतील पदे या पायावर उभी आहेत. मागील संवादाचे शेवटचे वाक्य संपते न संपते तोच पद सुरू होते, आणि पद संपताच दुसरे पात्र त्याला उत्तर देते. पद हा संभाषणाचाच एक घटक असतो.

याच पायावर कृष्णाकाठच्या नागठाण्याच्या राजहंस घराण्यातील नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, उभे राहिले. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. १९०५ साली मिरजेस किर्लोस्कर मंडळींच्या 'शाकुंतला'त त्यांनी शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर पदार्पण केले. मराठी क्रियापद प्रथमपुरुषातही लिंग दाखविते. 'मी आले' आणि 'मी आलो' यांत वक्त्याची ओळख आपोआप पटते. रंगमंचावर बालगंधर्व भामिनी किंवा रुक्मिणी म्हणून स्त्रीलिंगी रूप उच्चारीत, तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे शालू नेसलेली नायिका असे आणि व्याकरणास विसंगतीचा स्पर्श होत नसे. तबकडीवर शालू नाही. तिच्या कागदी चकतीवर नाव आहे ते गायकाचे, आणि कानी पडते ते स्त्रीलिंगी क्रियापद. वक्ता दुभंगतो, ऐकणारा नकळत पात्र विसरून गायकाचे नाव धरतो.

ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतच या दुभंगाचे बीज होते. १९०२ साली कलकत्त्यास पहिली व्यापारी मुद्रणे झाली, तेव्हा गोहरजान गाणे संपताच आपले नाव उच्चारीत असे, कारण मेणाचे साचे परदेशी कारखान्यात जात आणि तेथे कोण गाते आहे हे कळावे लागे. गाण्याला 'मी अमुक' अशी सही जोडण्याची ही रीत नाटकाच्या अगदी उलट आहे. नाटकात नट आपले नाव लपवितो. शिवाय १९२५ नंतर विजेवरील मुद्रण येईपर्यंत गायकास कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. चालू प्रयोगाचे मुद्रण त्या साधनांनी शक्यच नव्हते.

वेळेची मर्यादा हा दुसरा घटक. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत, बारा इंचीस चारांहून थोडी अधिक. रंगभूमीवर मात्र रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. तिरखवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी साथीला असता एकच ओळ पुनःपुन्हा घेतली जाई. येथे भाषेच्या अभ्यासकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मराठी वाक्याचे क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ओळ अर्ध्यावर मोडून पुन्हा आरंभी येणारा नट वाक्य अपुरे ठेवतो, कधी या शब्दावर, कधी त्या शब्दावर भर देतो, आणि समोरच्या पात्रास त्या अपुरेपणात ताटकळत ठेवतो. ही पुनरुक्ती नव्हे, हा अभिनय आहे. तीन मिनिटांत स्थायी-अंतरा उरकावयाचा झाला म्हणजे वाक्य पुरे होते, पण ताटकळणे जाते.

या वियोगाचे टोक मिरजेत दिसते. तेथे वास्तव्य असलेले अब्दुल करीमखाँ यांनी 'मानापमाना'तील 'चंद्रिका ही जणू' हे गोविंदराव टेंब्यांच्या चालीचे पद ध्वनिमुद्रित केले. खाँसाहेब ख्यालगायक, त्या नाटकातील भूमिकेशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्या गाण्यातील आर्तता कोण नाकारील? तथापि पदातील 'ही' हा दर्शक शब्द आहे. रंगमंचावर त्याला बोट दाखविण्यास जागा असते. तबकडीवर तो नादमय पण निराधार होतो. तेथे वक्ता पात्र नाही, नटही नाही. तेथे स्वर बोलतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. पात्र आणि गायक यांची फारकत रंगमंचावरच झाली नव्हती काय? वन्समोअरची आरोळी उठताच नायिका आपला शोक पुन्हा आरंभापासून करी. तो काही कथानकाचा भाग नव्हे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'स लोक लोटले ते धैर्यधर आणि भामिनी यांच्यासाठी नव्हे, केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्यासाठी. तेव्हा ध्वनिमुद्रिकेने ही फारकत निर्माण केली असे म्हणता येणार नाही; तिने ती पूर्ण केली, एवढेच म्हणता येईल. रंगमंचावर वन्समोअर संपला की पात्र परत येई आणि संवाद पुढे चाले. तबकडी संपली की सुई उचलावी लागे.

यातून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. नाटकात गाणी अतोनात वाढली आणि त्यांनी नाट्य गिळले, हा आरोप आपण वारंवार वाचतो, आणि त्याच्या समर्थनार्थ वा खंडनार्थ तबकड्या ऐकविल्या जातात. दोन्ही पक्षांचा तो पुरावा अप्रस्तुत आहे. तबकडी स्वर, लय, उच्चार आणि चाल यांची उत्तम साक्ष देते. पद कोणी, कोणास, कशाच्या उत्तरादाखल म्हटले याविषयी ती काहीच सांगत नाही. ते छापील नाटकात आहे. पदाच्या आधीचे वाक्य आणि नंतरचे उत्तर यांच्या मध्ये ठेवूनच तबकडी ऐकली पाहिजे. १८४३ साली पद सूत्रधाराचे होते, १८८० साली ते पात्राचे झाले, आणि तबकडीने ते गायकाचे केले. या तीन वक्त्यांपैकी आपण कोणाचे बोलणे ऐकत आहोत, हे ठरविल्यावाचून नाट्यपदाचा इतिहास लिहू गेल्यास तो गायकांचाच इतिहास होईल, आणि शकुंतला व भामिनी त्यात अबोलच राहतील.