तदब्बुर, मृत्युस्मरण आणि रोजचा हिशेब

१. विषय आणि प्रतिपाद्य

कुरआनातील ९१ वी सूरह, अश-शम्स, शपथांच्या मालिकेने सुरू होते. सूर्य, चंद्र, दिवस, रात्र, आकाश, पृथ्वी आणि शेवटी माणसाचा जीव यांना साक्षी ठेवून ती एकच सिद्धान्त मांडते : आपला जीव निर्मळ करण्यातच माणसाचे साफल्य आहे आणि त्याला मळू देण्यातच त्याचा नाश आहे. या निर्मळतेच्या साधनेला इस्लामी परंपरेत तझकिया म्हणतात. नमाज, रोजा, जकात, जिक्र आणि सज्जनांची सोहबत ही तझकियाची सर्वपरिचित साधने आहेत. त्यांच्या आत शिरून त्यांना जिवंत ठेवणाऱ्या दोन साधना म्हणजे कुरआनाचे चिंतन, अर्थात तदब्बुर, आणि मृत्यूचे स्मरण, अर्थात जिक्र-ए-मौत.

या लेखाचे प्रतिपाद्य असे, की या दोन साधना एकमेकींवाचून अपुऱ्या राहतात. मृत्यूचे भान नसेल तर चिंतन माहितीपाशी थांबते. कुरआनाचा आधार नसेल तर मृत्यूचा विचार नुसत्या भीतीत विरून जातो. दोन्ही एकत्र आल्यावरही त्यांची कसोटी डोळ्यांतल्या पाण्याने लागत नाही; दुसऱ्याचे जे हक्क आपल्याकडे अडकले आहेत, ते मोकळे होतात की नाही, यावर ती लागते.

२. आधार : इमाम गझाली

या विषयाची सर्वांत पद्धतशीर मांडणी अबू हामिद अल-गझाली यांनी केली. त्यांचा जन्म १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला आणि तेथेच ११११ मध्ये त्यांचे निधन झाले. १०९१ मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात प्राध्यापक झाले. त्या काळच्या विद्वानाला याहून मोठे पद क्वचितच मिळे. १०९५ मध्ये त्यांनी ते सोडले. आपल्या शिकवण्यामागे ईश्वराची ओढ आहे की कीर्तीची, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्या घालमेलीत त्यांची वाचाही बसली, असे त्यांनी आत्मकथनात नोंदवले आहे. पुढे दमास्कस, जेरुसलेम आणि मक्का अशी त्यांची भ्रमंती झाली.

'इह्या उलूम अद्-दीन' हा त्यांचा ग्रंथ याच पर्वात आकाराला आला. त्याचे चार भाग असून प्रत्येकात दहा, असे एकूण ४० खंड आहेत. आठवा खंड कुरआनपठणाच्या शिष्टाचाराचा, अडतिसावा आत्मपरीक्षणाचा आणि चाळिसावा, म्हणजे शेवटचा, मृत्यूच्या स्मरणाचा आहे. पुढील विवेचन मुख्यतः या तीन खंडांच्या आधाराने केले आहे.

३. तदब्बुर : स्वरूप आणि पायऱ्या

सूरह साद (३८:२९) मध्ये ग्रंथ उतरवण्याचा हेतूच चिंतन हा सांगितला आहे. सूरह मुहम्मद (४७:२४) मध्ये चिंतन न करणाऱ्यांविषयी, यांच्या हृदयांना कुलपे लागली आहेत काय, असा प्रश्न येतो. पैगंबर (स.) यांच्या सोबत्यांची रीत याला धरून होती. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त नोंद आहे, की अब्दुल्लाह बिन उमर यांनी एकट्या सूरह अल-बकराच्या अध्ययनाला आठ वर्षे दिली. त्यांना ती आठ वर्षे पाठांतरासाठी लागली नसणार, हे उघड आहे. स्वतः पैगंबर (स.) एकदा रात्रभर एकच आयत पुन्हा पुन्हा म्हणत पहाटेपर्यंत उभे राहिल्याचे अबू जर यांनी सांगितले आहे. ती सूरह अल-माइदाची ११८ वी आयत होती. तिच्यात हजरत ईसा आपल्या लोकांच्या शिक्षेचा आणि क्षमेचा निर्णय सर्वस्वी ईश्वरावर सोपवतात.

गझालींनी पठणाचे दहा बाह्य आणि दहा आंतरिक नियम सांगितले आहेत. आंतरिक नियमांची सुरुवात वाणीचे आणि ती बोलणाऱ्याचे मोठेपण मनात ठसवण्यापासून होते. पुढे मन हजर ठेवणे, चिंतन, आकलन, आकलनाच्या आड येणारे पडदे दूर करणे, अशा पायऱ्या येतात. सातवी पायरी सर्वांत निर्णायक आहे. तिला ते तखसीस म्हणतात : प्रत्येक आज्ञा, प्रत्येक इशारा आणि प्रत्येक आश्वासन खास आपल्यासाठीच आले आहे, असे मानून वाचायचे. फिरऔनचा गर्व वाचताना इजिप्तच्या राजाकडे बोट न दाखवता स्वतःचे घर, स्वतःचे कार्यालय, हाताखालच्या माणसांशी असलेले स्वतःचे वागणे तपासायचे. त्यानंतर येतो अर्थाप्रमाणे मनावर होणारा परिणाम, आणि शेवटी ही समज आपल्या बळावर आली, या अभिमानाचाही त्याग.

४. चिंतनाच्या आड येणारे पडदे

गझाली चार पडदे सांगतात. पहिला, सारे लक्ष उच्चारांवर खिळणे. दुसरा, ऐकीव मताला इतके चिकटणे, की त्यापलीकडचा अर्थ मनात शिरूच नये. तिसरा, एखाद्या पापावर किंवा गर्वावर अडून राहणे. चौथा, एखादे भाष्य वाचून आता अर्थ संपला असे समजणे. यांतला तिसरा बुद्धीचा नाही, आचरणाचा पडदा आहे. व्याज खाणाऱ्याला व्याजाच्या आयतींचे व्याकरण कळू शकते, पण त्या आयती त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणूनच आचरण सुधारणे हे चिंतनाचे फळही आहे आणि त्याची पूर्वअटही.

आपल्याकडे पहिला पडदा अधिक परिचयाचा आहे. मकतबमध्ये मूल नाजिरा शिकते, अरबी अक्षरे शुद्ध वाचते, रमजानमध्ये खत्मही करते. अर्थ मात्र बहुधा दूरच राहतो. हे पठण पुण्यकारक आहेच, त्याचा अनादर कुणी करू नये. पण तीन दिवसांपेक्षा कमी वेळात पुरे कुरआन वाचणाऱ्याला ते समजलेले नसते, अशी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. म्हणजे वेगाला मर्यादा घालताना समजणे हाच निकष लावला आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुरआनाचा फारसी आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दू तरजुमा केला, तो याच गरजेतून. आज मराठीतही तरजुमे मिळतात. रोज अर्धा पारा नुसता वाचणाऱ्याने त्यातल्या पाच आयती मराठीतून समजून घेतल्या आणि त्यांतली एक दिवसभर मनात घोळवली, तरी तदब्बुरचा आरंभ होईल.

५. मृत्युस्मरण : प्रकार आणि रीत

प्रत्येक जीव मृत्यू चाखणार आहे, हे विधान कुरआनात तीन ठिकाणी येते (३:१८५, २१:३५, २९:५७). सुखांचा शेवट करणाऱ्याची आठवण वारंवार काढा, अशी सूचना हदीसमध्ये आहे. पण सगळ्यांची आठवण सारखी नसते. गझाली तीन वर्ग करतात. संसारात बुडालेल्याला मृत्यू आठवतो तेव्हा हातचे सुटणार याचीच हळहळ वाटते, आणि असे स्मरण त्याला ईश्वरापासून आणखी दूर नेते. तौबा करून मार्गाला लागलेल्याला मृत्यू नकोसा वाटतो, पण तयारी अपुरी असल्यामुळे. त्याचे स्मरण त्याला कामाला लावते. जो पोहोचलेला आहे त्याच्या लेखी मृत्यू ही भेटीची ठरलेली वेळ असते. या वर्गीकरणाचा अर्थ असा, की मृत्यूची भीती वाटणे ही अध्यात्मातली प्रगती नव्हे. त्या भीतीचे पुढे काय होते, यावर प्रगती ठरते.

रीतही त्यांनी सांगितली आहे. आपल्याच वयाचे, आपल्याच व्यवसायातले जे गेले, त्यांना एकेक करून आठवावे. त्यांचे चेहरे, त्यांच्या जागा, अर्धवट राहिलेले बेत डोळ्यांसमोर आणावेत. या स्मरणाचा मोठा शत्रू म्हणजे लांबलचक आशा, तूल-ए-अमल. तिची दोन कारणे ते देतात : संसाराचे प्रेम आणि अज्ञान. तरुणाला वाटते, मृत्यू म्हातारपणी येतो. गझाली त्याला गावातले म्हातारे मोजायला सांगतात. ते थोडेच भरतात, कारण बाकीचे त्या वयापर्यंत पोहोचलेच नाहीत.

आपल्या समाजात या स्मरणाची एक जागा ठरलेलीच आहे. दफनाच्या वेळी कबरीत तीन मुठी माती घालण्याची रीत कोकणातल्या शाफई आणि देशावरच्या हनफी अशा दोन्ही मुसलमानांत आहे. माती घालताना सूरह ताहाची ५५ वी आयत म्हणतात. मातीतून निर्मिती, मातीत परतणे आणि मातीतूनच पुन्हा उठवले जाणे, असे तिन्ही टप्पे त्या एका आयतीत आहेत. कुरआन आणि मृत्यू येथे एकाच कृतीत भेटतात. ही आयत आपल्याला उद्देशूनही आहे, हे माती घालणाऱ्याच्या मनात उतरले, तर तो क्षण तखसीसचा ठरतो.

६. दोन्ही साधनांचा संगम : एक उदाहरण

सूरह अल-बकराच्या २८० ते २८२ या तीन आयती सलग वाचून पाहाव्यात. २८० वी सावकाराला सांगते, की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या. सोडून दिलेत तर अधिक चांगले. २८१ वी त्या दिवसाचे भय बाळगायला सांगते, ज्या दिवशी सारे ईश्वराकडे परततील आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचे पुरेपूर माप मिळेल. इब्न अब्बास यांच्याकडून आलेल्या एका कथनानुसार ही सर्वांत शेवटी उतरलेली आयत आहे. लगेच पुढची २८२ वी कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा लेखी करार : मुदत ठरवा, लिहून ठेवा, लेखनिकाने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नका.

वरवर वाचणाऱ्याला येथे विषयांतर वाटेल. कयामतीची आठवण दोन आर्थिक नियमांच्या मध्ये कशासाठी? चिंतन करणाऱ्याला क्रमातच उत्तर सापडते. परतण्याचा दिवस ज्याच्या नजरेसमोर आहे, तोच अडलेल्याला मुदत देईल, आणि तोच आपल्या पश्चात वाद राहू नये म्हणून देणे लिहून ठेवील. मृत्यूचे स्मरण कुरआनाने जागोजागी व्यवहाराच्या शेजारी ठेवले आहे. वारसाहक्काच्या आयतींतही (४:११-१२) वसीयत आणि कर्ज फेडल्यावरच वाटणी, अशी अट पुन्हा पुन्हा येते.

हदीसही हेच सांगतात. एका जनाज्यापुढे उभे असताना, मय्यतावर तीन दिनारांचे देणे आहे आणि मागे काही ठेवलेले नाही, असे कळल्यावर पैगंबर (स.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही. अबू कतादा यांनी ते देणे अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. आजही आपल्याकडे अनेक ठिकाणी जनाज्याच्या नमाजेआधी वारस पुढे येतो आणि मरहूमांकडे कुणाचे काही येणे असेल तर आपल्याला सांगावे, असे जाहीर करतो. ही घोषणा ऐकणाऱ्या प्रत्येकाने ती आपल्यासाठी कोण आणि कशाबद्दल करील, असा विचार करावा. कुणाचे पैसे, कुणाची जमीन, बहिणीचा वाटा, मजुराची मजुरी, चारचौघांत केलेला अपमान : यादी तिथेच तयार होते.

७. मुहासबा : साधनेला रोजचे रूप

ही यादी कामाला लावण्याची रीत म्हणजे मुहासबा, स्वतःचा हिशेब. नवव्या शतकात बगदादच्या हारिस अल-मुहासिबी यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. गझालींनी पुढे तिचे सहा टप्पे पाडले : सकाळी नफ्सशी, म्हणजे आपल्याच जिवाशी, अटी ठरवणे, दिवसभर नजर ठेवणे, रात्री हिशेब घेणे, चुकल्यास दंड करणे, नेटाने प्रयत्न करणे आणि कानउघाडणी करणे. त्यांनी यासाठी व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले आहे : बुद्धी हा मालक, नफ्स हा भागीदार, आयुष्याचे श्वास हे भांडवल. भागीदाराकडे भांडवल सोपवताना अटी घालतात, संध्याकाळी वही तपासतात, खोट आली तर जाब विचारतात.

फजरच्या नमाजेनंतर अटी ठरवताना गझाली एक कल्पना करायला सांगतात : आपण मेलो होतो, परत पाठवण्याची याचना केली आणि फक्त हा एक दिवस मिळाला. तिचे मूळ कुरआनातच आहे. सूरह अल-मुमिनून (२३:९९-१००) आणि अल-मुनाफिकून (६३:१०) मध्ये मरणाऱ्याची नेमकी हीच याचना येते : थोडी मुदत मिळावी, म्हणजे दानधर्म करता येईल. तेथे नाकारलेली मुदत आज पहाटे आपल्याला मिळालेली आहे. आयत चिंतनात आली, मृत्यू त्या आयतीतून आठवला आणि त्यातून दिवसाचे काम ठरले, अशी ही पूर्ण साखळी आहे.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की मृत्यूचा सतत विचार माणसाला उदास आणि निष्क्रिय करतो. त्याचे उत्तर हदीसमध्येच आहे. दुःख कोसळले म्हणून मृत्यूची इच्छा करण्याला पैगंबर (स.) यांनी मनाई केली आहे, आणि कयामत येत असली तरी हातात रोप असेल तर ते लावावे, असे सांगितले आहे. स्मरणाचा हेतू आयुष्याची किंमत वाढवणे हा आहे. कुणाच्या मनात मृत्यूचा विचार जगणे नकोसे करणाऱ्या निराशेसारखा बसू लागला असेल, तर त्याने ही साधना थांबवून जवळच्या माणसांशी बोलावे आणि वैद्यकीय उपचार घ्यावेत. उपचार घेण्याची आज्ञाही सुन्नतच आहे.

दुसरा आक्षेप असा, की चिंतन हे उलेमांचे काम आहे, सामान्याने त्यात पडू नये. येथे फरक केला पाहिजे. आयतीवरून कायदा काढणे, हलाल-हराम ठरवणे याला अरबी भाषा, हदीस आणि फिकह यांचा अभ्यास लागतो. तेथे सामान्याने जाणकाराला विचारावे. परंतु खोटे बोलू नका, माप पुरे द्या, अनाथाचे धन खाऊ नका, हे मी पाळतो का, असे स्वतःला विचारायला सनद लागत नाही. उलट हा प्रश्न दुसऱ्या कुणाला आपल्यासाठी विचारता येत नाही.

९. निष्कर्ष

तदब्बुर ज्ञान देते, मृत्युस्मरण त्या ज्ञानाला निकड देते आणि मुहासबा त्या निकडीला कृती देते. तिन्हींपैकी एक जरी गळले तरी साधना लंगडी पडते. ती खरी उतरली की नाही, हे ओळखायला सहीह मुस्लिममधली दिवाळखोराची हदीस पुरेशी आहे. नमाज, रोजे आणि जकात घेऊन आलेला, पण कुणाला शिवी दिलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेला माणूस कयामतीच्या दिवशी आपले सारे पुण्य त्या लोकांना वाटून रिकामा होतो. ज्याच्याकडे मागे ठेवण्यासारखे काही आहे, त्याने लेखी वसीयतीशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, असेही हदीसमध्ये आहे. म्हणून कुरआन समजून वाचू लागलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात आपल्या देण्यांची यादी लिहावी, वसीयत लिहावी आणि ज्याचा हक्क सर्वांत जास्त दिवस अडकला आहे, त्याच्याकडे स्वतः जावे. चिंतन मनात उतरले की नाही, हे त्या माणसाच्या दारात कळेल.