रॉबर्ट्सफील्ड, 300 तास बाकी

ऑगस्ट 2003 मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात उतरले. लढाईत त्यांच्यातला एकही जण दगावला नाही. तरीही पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यातल्या 80 जणांना मलेरिया झाला आणि 44 जणांना आजारी म्हणून तिथून हलवावं लागलं. टाळण्याची सगळी साधनं हाताशी असताना हे घडलं.

खालचा हिशोब उलट्या तासांचा आहे. शून्य तास म्हणजे एका सैनिकाला हुडहुडी भरली ती वेळ. प्रत्येकाची ती वेळ वेगळी होती. इथे 20 ऑगस्टच्या पहाटे झालेला एक चावा धरला आहे आणि पुढचे तास मलेरियाच्या फाल्सिपेरम जातीच्या परजीवीच्या माहीत असलेल्या वेगावरून मोजले आहेत. लायबेरियातल्या घडामोडींच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

940 तास बाकी

जुलैचा शेवटचा आठवडा. मन्रोव्हिया शहराला बंडखोरांनी वेढा घातला आहे, अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्यावर पायउतार होण्यासाठी दबाव आहे. अमेरिकेची ‘इवो जिमा’ ही युद्धनौका आणि तिच्याबरोबरची जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाली आहेत.

मलेरियापासून बचाव करणाऱ्या मेफ्लोक्विन या औषधाची पहिली गोळी घेण्याची खरी वेळ हीच. आठवड्याला एक, 250 मिलिग्रॅम. हे औषध रक्तात हळूहळू साठतं. ठरलेला दिवस न चुकवता घेतलं तरी पातळी पूर्ण स्थिरावायला कित्येक आठवडे जातात. म्हणून उतरण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सुरुवात करायची असते. एक रविवार चुकला तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. ना अंग दुखतं, ना कुणी विचारतं. बिघाड दिसतो तो महिन्याभराने.

440 तास बाकी

14 ऑगस्ट, सकाळ. तीन दिवसांपूर्वी टेलर नायजेरियाला निघून गेले. नायजेरियाची शांतिसेना आधीच आली आहे. तिच्या पाठीशी गरज पडल्यास धावून जायला मरीनची तुकडी रॉबर्ट्स विमानतळावर, म्हणजे रॉबर्ट्सफील्डवर, उतरते.

ही जागा अमेरिकन लष्कराला अनोळखी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हा विमानतळ अमेरिकेनेच उभारला होता, फायरस्टोन कंपनीच्या अफाट रबर मळ्याच्या कडेला. 1942 मध्ये इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांनाही हिवतापाने मोठ्या संख्येने आडवं केलं होतं. साठ वर्षांनी त्याच धावपट्टीवर त्यांची नातवंडं शोभतील अशा वयाची मुलं उतरत होती.

ऑगस्ट म्हणजे तिथला पावसाळा. मन्रोव्हियात वर्षाला साडेचार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वरच्या जवळ जाणारा. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस गाम्बी या डासाच्या मादीला मोठं तळं लागत नाही. ट्रकच्या चाकोरीत किंवा बुटाच्या ठशात साचलेलं, ऊन लागणारं पाणी तिला पुरतं. म्हणजे जिथे फौज वावरते तिथे तिच्यासाठी डबकी आपोआप तयार होतात.

308 तास बाकी

19 ऑगस्ट, संध्याकाळचे सहा. रोजच्या तीन कामांची ही वेळ. बाह्या खाली करायच्या, उघड्या कातडीला डासांचं मलम लावायचं, झोपायच्या जागी मच्छरदाणी बांधायची. चौथं काम आधीच झालेलं असायला हवं, ते म्हणजे गणवेशावर पर्मेथ्रिनची फवारणी. कपड्यात मुरलेलं हे कीटकनाशक वर बसलेल्या डासाला मारतं.

पुढे आजारी पडून हलवलेल्या 44 जणांची चौकशी झाली. मलम वापरणारे निघाले 19. पर्मेथ्रिन लावलेले कपडे घालणारे 5. मच्छरदाणीत झोपलेला एकही नाही.

दमलेल्या विशीतल्या पोराला मच्छरदाणी बांधायचा कंटाळा येणारच, आणि त्याबद्दल त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. हे काम त्याच्यावर सोडायचंच नसतं. 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमीमागे 120 आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी तेव्हा मेपाक्रीन या मलेरियाविरोधी गोळीची अचानक तपासणी सुरू केली. पलटणीतल्या 95 टक्क्यांपेक्षा कमी जवानांच्या अंगात औषध सापडलं तर पलटणीचा प्रमुख घरी. तिघांना त्यांनी खरोखर काढलं, मग चौथ्याला काढायची वेळच आली नाही. आपल्या मराठा पलटणीही त्याच सेनेत होत्या. 1944 च्या मार्चमध्ये सांगशाकला जपान्यांशी झुंजलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन त्यांतलीच. ती माणसं लढायला उभी राहू शकली यात शौर्याइतकाच रोजच्या हजेरीत डोळ्यांदेखत गिळायला लावलेल्या त्या कडू, कातडी पिवळी करणाऱ्या गोळीचा वाटा आहे. शिस्तीचं हे काम वरच्या माणसाचं आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

300 तास बाकी

20 ऑगस्ट, पहाटेचे दोन. गाम्बी मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत सर्वाधिक चावते. भुणभुण फारशी नाही, चाव्याला जाग येत नाही. तिच्या लाळेतून धाग्यासारखे काही डझन परजीवी कातडीत शिरतात.

299 तास बाकी

त्यांतले मोजके रक्तातून यकृतापर्यंत पोचून तिथल्या पेशींत शिरले आहेत. तीन पेशी गाठल्या असं धरू.

290 तास बाकी

दुपारचे बारा. बरोबर 106 वर्षांपूर्वी, 20 ऑगस्ट 1897 ला, सिकंदराबादेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी ॲनोफेलिसच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला होता. जगभर हा दिवस डास दिन म्हणून पाळतात. दोन वर्षांनी रॉस लायबेरियाच्या शेजारच्या सिएरा लिओनमध्ये डासांचा अभ्यास करायला गेले.

इकडे सैनिकाला काहीच झालेलं नाही. पुढचे सहा दिवसही होणार नाही.

144 तास बाकी

26 ऑगस्ट, दुपारचे दोन. मरीन जहाजावर परतले आहेत. कोरडं अंथरूण, गरम जेवण, समोर समुद्र. मोहीम आटोपली असं वाटण्याची ही वेळ, आणि सगळ्यात धोक्याची वेळही हीच.

यकृतातल्या त्या तीन पेशी फुटतात. एकेकीतून तीस-चाळीस हजार परजीवी, म्हणजे एकूण लाखभर, रक्तात उतरतात. मेफ्लोक्विन यकृतातल्या परजीवीला हात लावत नाही. त्याचं काम इथून पुढे, तांबड्या पेशींत सुरू होतं. म्हणून तर किनारा सोडल्यावरही चार आठवडे गोळी चालू ठेवायची असते. या तासाला रक्तात पुरेसं औषध असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

दर आठवड्याला नेमाने गोळी घेतली असं हलवलेल्या त्या 44 जणांपैकी 23 जणांनी सांगितलं. रक्त तपासलं तेव्हा संरक्षणाला पुरेल इतकी पातळी चौघांच्याच अंगात सापडली.

या औषधाची भीती निराधार नाही, हेही सांगायला हवं. भयाण स्वप्नं, बेचैनी, भ्रम असे त्रास काहींना होतात. 2013 मध्ये अमेरिकेने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पण त्यावर उपाय होता. डॉक्सीसायक्लिन किंवा अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी औषधं तेव्हाही उपलब्ध होती. डॉक्टरला सांगून औषध बदलता येतं, न सांगता सोडलं की माणूस उघडा पडतो.

96 तास बाकी

दर 48 तासांनी एक पिढी. दहा लाख.

48 तास बाकी

एक कोटी. सैनिकाला जरा थकवा वाटतो. जहाजावर कुणाला वाटत नाही?

0

1 सप्टेंबर, दुपारचे दोन. दहा कोटी. लाखो पेशी एकदम फुटतात आणि दात वाजायला लागतात. अंगावर दोन ब्लँकेटं टाकली तरी हुडहुडी थांबत नाही. मग ताप चढतो, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात.

फाल्सिपेरमचं क्रौर्य यापुढे आहे. बाधित तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. मेंदूतल्या वाहिन्या अडल्या की माणूस भ्रमिष्ट होतो, बेशुद्ध पडतो. लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन वाचलेल्या लायबेरियन प्रौढाच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती असते. या मुलांच्या अंगात ती शून्य होती. आणि जी तिथली बाळं अजून ती शक्ती कमावत असतात, त्यांच्यासाठी प्रत्येक पावसाळी रात्र हीच रात्र असते. त्यांना न्यायला विमान येत नाही.

शून्यानंतरचा पहिला आठवडा

एकामागून एक माणसं आजारी पडतात. किनाऱ्यावर रात्री काढलेल्या 157 जणांपैकी 69 जण. काहींना अमेरिकेत बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात नेलं जातं. वेळेत उपचार मिळाल्याने सगळे वाचतात.

गोळ्याच निकृष्ट असतील, परजीवी औषधाला जुमानत नसेल, अशी शंका आधी घेतली गेली. सैनिकांकडच्या गोळ्या तपासल्या, त्या उत्तम निघाल्या. मेफ्लोक्विनला दाद न देणारा परजीवीही सापडला नाही.

शून्यानंतर 480 तास

21 सप्टेंबर. किनारा सोडून चार आठवडे झाले, शेवटच्या गोळीचा दिवस. दोनच दिवसांपूर्वी सुरक्षा परिषदेने लायबेरियासाठी 15,000 सैनिकांपर्यंतच्या शांतिसेनेला मंजुरी दिली आहे. तिच्याबरोबर पुढे पोलिसांच्या तुकड्याही येतील आणि जानेवारी 2007 मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडीही मन्रोव्हियात दाखल होईल. त्या प्रत्येकीच्या सामानात मच्छरदाणी हवी. आणि ती रोज बांधली की नाही, हे संध्याकाळी सहाला जातीने पाहणारा एक अधिकारी हवा.