खेळ, सोंग आणि कात्री

मराठीत नाटकाचाही ‘खेळ’ होतो आणि मुलांचाही. तमाशाचा फड गावात आला की रात्रीच्या खेळाची दवंडी पिटली जाई. अंगणात काठीची तलवार करून पोरे लढत, तोही खेळच. प्रयोग आणि क्रीडा यांना एकाच शब्दात नांदवणारी ही भाषिक सोय समीक्षेने फारशी मनावर घेतली नाही. रंगभूमीचा इतिहास एका दप्तरात गेला, खेळांच्या नोंदी लोकसाहित्याच्या दुसऱ्या. संगणकावरील खेळांनी ही वाटणी अडचणीत आणली आहे, आणि पुण्याला हा प्रश्न परका नाही. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला. २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीचे काम पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले, २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेले. याच कंपनीने २०१४ मध्ये प्रकाशित केलेला ‘साउथ पार्क: द स्टिक ऑफ ट्रुथ’ हा विनोदी भूमिका-खेळ घडला अमेरिकेत. त्याने उभा केलेला पेच मात्र पुण्याने ‘घाशीराम कोतवाल’च्या निमित्ताने चार दशके आधीच अनुभवला होता.

ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची ‘साउथ पार्क’ ही मालिका १३ ऑगस्ट १९९७ रोजी कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर सुरू झाली. पहिला भाग कापलेल्या कागदाचे तुकडे चौकटीगणिक सरकवून तयार केला होता. पुढे काम संगणकावर गेले, तरी संगणकाला त्या ओबडधोबड कागदाचीच नक्कल करणे भाग पडले. मालिकेच्या प्रारंभी येणाऱ्या सूचनेत सारी पात्रे, खऱ्या व्यक्तींवर बेतलेलीसुद्धा, काल्पनिक असल्याचे बजावलेले असते आणि शेवटी हा कार्यक्रम कोणीच पाहू नये असा सल्लाही असतो. कायद्याला अपेक्षित असलेला खुलासा येथे स्वतःच विडंबनाचा पहिला बळी ठरतो. तेंडुलकरांनीही आपले नाटक ऐतिहासिक नाही असे प्रस्तावनेत सांगितले होते. तो खुलासा कोणी विनोदाने घेतला नाही, आणि खुलासा म्हणूनही घेतला नाही.

खेळाची निर्मिती ऑब्सिडियन एंटरटेनमेंटने केली. लेखन पार्कर आणि स्टोन यांचे. मूळ प्रकाशक टीएचक्यू डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि जानेवारी २०१३ मधील विक्रीत हा अपुरा खेळ सुमारे ३२ लाख ६५ हजार डॉलरना यूबीसॉफ्टकडे आला. मार्च २०१४ मध्ये तो बाजारात उतरला. या व्यवहारापेक्षा खेळाची बांधणी अधिक मोलाची आहे.

गावात नवा आलेला एक मुलगा, आणि त्याच्या भोवती मानव व एल्फ अशा दोन टोळ्यांत विभागलेली पोरे. ज्या ‘सत्याच्या काठी’साठी त्यांचे युद्ध चालले आहे ती एक साधी डहाळी आहे, ती ज्याच्या हाती, विश्व त्याच्या हाती, असा त्यांचा आपसातला करार. हुइझिंगाने ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) क्रीडेचे जे वेगळे, नियमबद्ध वर्तुळ कल्पिले होते, ते येथे परसदारी आखलेले दिसते. म्हणजे खेळणारा ज्या पोराचे सोंग घेतो, ते पोरही आधीच कोणाचे तरी सोंग घेऊन उभे आहे. प्रारंभी नायकाचे नाव विचारले जाते. खेळणाऱ्याने काहीही लिहिले तरी कार्टमन ते बाजूला सारतो आणि एक शिवीच नाव म्हणून बहाल करतो. पुढे पराक्रमागणिक मानाच्या पदव्या मिळतात, त्याही त्या शिवीलाच चिकटवून. नायक बहुतेक मुकाच राहतो. वगातला सोंगाड्या राजाला बोलून उघडा पाडतो. हा सोंगाड्या बोलत नाही, नुसता हुकूम पाळतो, आणि त्याच्या आज्ञाधारकपणातून हुकूम देणारा उघडा पडतो.

निवडीसाठी चार वर्ग आहेत: योद्धा, जादूगार, चोर आणि ज्यू. चौथा वर्ग हा कार्टमनच्या ज्यूद्वेषावरचा वार आहे, असे प्रेक्षक म्हणून सहज म्हणता येते. खेळणाऱ्याला मात्र तो वर्ग पत्करून त्याच्या बळावर लढाया जिंकायच्या असतात. विडंबनाचे अंतर येथे आक्रसते. ‘घाशीराम’मधील ब्राह्मणांची रांग क्षणात भिंत होते, क्षणात कीर्तनातला समुदाय, तिच्या ठेक्यावर मान डोलावणारा प्रेक्षक गौरीच्या सौद्यात नकळत सामील होतो. तरीही तो खुर्चीत असतो, त्याचे हात मोकळे असतात. संगणकासमोर बसलेल्याचे हात मोकळे नसतात.

कात्री नेमकी याच हातांवर चालली. परग्रहवासीयांच्या यानातील शारीरिक तपासणीचे आणि गर्भपात केंद्रातील प्रसंग युरोपातील कन्सोल-आवृत्त्यांतून वगळले गेले. हा निर्णय प्रकाशकाचा होता, आणि ब्रिटनमध्ये संगणकावरील आवृत्ती अखंड मिळत होती. ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने आधी नकार दिला आणि काटछाटीनंतरच परवाना दिला. जर्मनीत नाझी चिन्हेही काढावी लागली. वस्तुतः अशीच तपासणी मालिकेच्या १९९७ मधील पहिल्याच भागाचा विषय होती आणि ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली होती. तेथे ती पाहायची होती. खेळात काही ठिकाणी कळा दाबून ती सोसायची किंवा शस्त्रक्रिया पार पाडायची होती. पाहणे क्षम्य आणि करणे अक्षम्य, असा हा भेद कोणी सिद्धान्त म्हणून मांडला नव्हता, पण कात्रीने तो अचूक ओळखला होता.

वगळलेल्या जागी पार्कर आणि स्टोन यांनी पाट्या लावल्या. युरोपात कपाळावर हात मारून बसलेला पुतळा, ऑस्ट्रेलियात रडणारा कोआला, आणि खाली येथे काय घडले असते याचे शांत, तपशीलवार वर्णन. चित्र आणि कृती निषिद्ध, शब्द मात्र मोकळा; आणि त्या शब्दांमुळे काही प्रसंग मूळापेक्षा अधिक बोचरे झाले असे म्हणणे चूक ठरणार नाही. सेन्सॉरची कात्री एरवी निमूट चालते. येथे तिलाच रंगमंचावर उभे केले गेले.

पुण्यात कात्रीऐवजी पडदा पडला. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने सादर केलेले, जब्बार पटेल दिग्दर्शित हे नाटक १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच थांबवले. नाना फडणविसांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी हा आक्षेप होता. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडेमी स्थापली आणि १९७४ मध्ये खेळ पुन्हा सुरू केला. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी वाद पुन्हा पेटला आणि न्यायालयापर्यंत गेला. एक फरक नोंदवण्याजोगा आहे. पुण्यात भीती होती ती इतिहासातील नावाची, ज्याचे सोंग घेतले त्याच्या अब्रूची. ‘स्टिक ऑफ ट्रुथ’मध्ये ज्यांची टर उडवली त्यांच्या अब्रूसाठी कात्री उचलली गेली नाही, सोंग घेणाऱ्याचे काय होईल, याचीच चिंता होती.

यूबीसॉफ्टच्या सॅन फ्रान्सिस्को स्टुडिओने केलेल्या पुढच्या खेळात, ‘द फ्रॅक्चर्ड बट होल’ (२०१७) मध्ये, काठिण्याची पट्टी नायकाच्या त्वचेच्या रंगाला जोडली आहे. रंग गडद करत जावा तशी पातळी कठीण होते. पण लढाया तशाच राहतात, मिळणारे पैसे घटतात आणि लोकांची बोलण्याची तऱ्हा बदलते. कनोजहून आलेल्या घाशीरामाला पेशव्यांच्या पुण्यात चोर ठरवले जाते, तेव्हा त्याच्याही वाट्याला अशीच एक पट्टी येते. फरक इतकाच, की ती सरकवणारा हात त्याचा नसतो.