मुंबईतील प्लेग (१९०५-०६) आणि अवकल समीकरणे : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
व्यवहारातील प्रश्न अवकल समीकरणांच्या संहतीत मांडण्याची परंपरा पदवी स्तरावर प्रामुख्याने विद्युत्-मंडल, स्प्रिंगची आंदोलने यांसारख्या उदाहरणांतून शिकविली जाते. तथापि साथीच्या रोगांच्या गणितातील एका पायाभूत शोधनिबंधाची आकडेवारी मुंबई बेटावरील आहे, ही बाब अभ्यासक्रमात क्वचितच येते. प्रस्तुत लेखात या उदाहरणाचा ऐतिहासिक व गणिती अंगांनी विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये घरझडती, सक्तीचे विलगीकरण असे उपाय योजले गेले. त्यातून निर्माण झालेला असंतोष पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यापर्यंत पोहोचला. झडतीच्या भीतीने रुग्ण लपविले जात. त्यामुळे प्लेगच्या नोंदी वाचताना या सामाजिक वास्तवाचे भान ठेवावे लागते. पुढे १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने उंदरावरील पिसू हाच रोगाचा वाहक असल्याचे प्रस्थापित झाले.

केरमॅक-मॅकेंड्रिक प्रतिमान :
अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर असून त्यांनी कसौली येथे काम केले होते. विल्यम ऑगिल्वी केरमॅक यांची दृष्टी १९२४ मधील प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती. या दोघांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सर्वपरिचित विशेष प्रकारात लोकसंख्येचे रोगग्रहणक्षम, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले असे तीन गट कल्पिले आहेत. नव्या बाधितांचा दर पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असल्याने ही संहती अरेषीय ठरते. मात्र साथीच्या आरंभी रोगग्रहणक्षमांची संख्या जवळजवळ स्थिर असते व बाधितांचे समीकरण रेषीय बनते. संसर्गाचा दर बाधित बाहेर पडण्याच्या दरापेक्षा जास्त असेल तरच साथ पसरते, हा सीमामूल्याचा सिद्धांत याच रेषीय अवस्थेतून मिळतो.

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंसाठी त्यांनी आसन्न उत्तर काढले : ८९० गुणिले (०.२ट – ३.४) या राशीच्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग; येथे 'ट' म्हणजे आठवडे. या सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात मृत्युसंख्या ८९० या शिखरावर पोहोचते व संपूर्ण वक्राखालील बेरीज ८,९०० येते. आरंभीच्या रेषीय अवस्थेत वाढीचा दर आठवड्यास ०.४, म्हणजे सुमारे बारा दिवसांत दुप्पट असा आहे. दहाव्या आठवड्यासाठी केवळ रेषीय सूत्र वापरल्यास २१६ हे उत्तर मिळते, तर मूळ सूत्राने १९२. सतराव्या आठवड्यात मात्र हेच आकडे ३,५६० आणि ८९० होतात. रेषीयीकरणाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी स्पष्ट होतात.

चिकित्सा :
मानवातील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब होय, सर्व उंदरांना संसर्गाची संधी समान आहे आणि दर स्थिर आहेत, अशी गृहीतके लेखकद्वयाने मांडली. ती काटेकोरपणे पूर्ण होत नाहीत, म्हणून स्थिरांकांच्या मूल्यांवरून अनुमाने काढू नयेत, असेही त्यांनीच बजावले होते. उत्तरकालीन ग्रंथांत आलेख उरला, इशारा मात्र बहुधा गळाला. निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये या उदाहरणाची फेरतपासणी करून ऋतुमानाचा प्रभाव लक्षात घेणे आवश्यक असल्याचे दाखविले. मुंबईत प्लेग दरवर्षी ठराविक हंगामात उसळत असे. साथ ओसरण्याचे कारण केवळ रोगग्रहणक्षमांची घट हे नव्हते. ऋतुबदलही त्यास कारणीभूत होता.

निष्कर्ष :
वक्र आकडेवारीशी जुळला म्हणजे कारणमीमांसा सिद्ध झाली, असे होत नाही. गणिताच्या अध्यापकाने समीकरणासोबत गृहीतके, आणि इतिहासाच्या अध्यापकाने घटनेसोबत आकड्यांची जडणघडण शिकविणे अगत्याचे आहे. मुंबईच्या प्लेगचे हे उदाहरण दोन्ही विद्याशाखांना एकत्र आणणारे असल्याने पदवी स्तरावरील अध्यापनात त्यास स्थान मिळणे उचित ठरेल.