पावणेपंचवीस डॉलरचे निवृत्तिवेतन

१/ ३१ जानेवारी १९४०. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या लडलो गावच्या आयडा मे फुलर यांच्या नावे २२ डॉलर ५४ सेंटचा धनादेश निघाला. सामाजिक सुरक्षा योजनेचे हे पहिले मासिक निवृत्तिवेतन. आयडाबाईंनी आधीच्या तीन वर्षांत एकूण भरले होते अवघे पावणेपंचवीस डॉलर! पुढे त्या शंभर वर्षे जगल्या. १९७५ पर्यंत त्यांना मिळाले २२,८८८ डॉलर.

२/ मित्रहो, हा पैसा आला कोठून? मुख्यतः त्या-त्या वेळी कामावर असलेल्या तरुणांच्या वेतनातून.

३/ वार्धक्याच्या सक्तीच्या विम्याचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली झाला. ‘बिस्मार्क ६५ वर्षांचा होता म्हणून ६५ ही मर्यादा ठरली’ ही केवळ दंतकथा. तो तेव्हा ७४ वर्षांचा होता आणि कायद्यातील वय होते ७०. ते ६५ वर आले १९१६ मध्ये.

४/ या व्यवस्थेचे गणित पॉल सॅम्युएलसन यांनी १९५८ च्या निबंधात उलगडले. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीला पोसायचे आणि स्वतःचा भार पुढच्या पिढीवर सोपवायचा. लोकसंख्या जितक्या वेगाने वाढेल, तितकेच जणू ‘व्याज’ सर्वांना मिळते. वाढ थांबली की व्याजही आटते.

५/ अमेरिकेत १९५० साली एका लाभार्थ्यामागे वर्गणी भरणारे सुमारे १६ जण होते. १९६० मध्ये ५ आणि २०१० मध्ये ३ हूनही कमी. मात्र प्रारंभीचे मोठे आकडे फसवे आहेत. योजनाच नवी असल्याने तेव्हा लाभार्थी थोडे होते.

६/ समाज वृद्ध होतो तो माणसे अधिक जगतात म्हणून, असा आपला समज. लोकसंख्याशास्त्रज्ञ आन्स्ली कोल यांनी १९५६ साली दाखवले की, त्याचे मुख्य कारण घटता जन्मदर हे होते. पाळणे कमी हलले की काही दशकांनी वर्गणीदार कमी पडतात.

७/ अखेर १९८३ साली अमेरिकेने पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ करण्याचा कायदा केला. ६७ ची पूर्ण अट लागू झाली १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, म्हणजे तेव्हा जेमतेम तेविशीत असलेल्यांना आणि त्यांच्याहून लहानांना. त्यांतल्या बहुतेकांना तर मताधिकारही नव्हता. पिढ्यांमधील हा करार असाच आहे: त्याच्या अटी एक पिढी ठरवते आणि पाळते दुसरी.