वऱ्हाडची रसद : तांडा, बंडी आणि शकुंतला

माझा भाचा पुण्यात एमबीए करतो. गेल्या ईदला यवतमाळला आला तेव्हा त्याच्या पिशवीत ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’चे जाडजूड पुस्तक होते. मी ते चाळले. जपानी मोटार कारखाने, अमेरिकन दुकाने, समुद्रावरचे कंटेनर, सगळे त्यात होते. माल कुठून घ्यायचा, कुठे साठवायचा, कोणत्या वाटेने आणि कधी पाठवायचा, हा निर्णय कसा करावा याची कोष्टके होती. मी त्याला म्हटले, “बेटा, हा विषय शिकायला इतक्या लांब कशाला जातोस? दिग्रस-पुसदकडे जा, एखाद्या तांड्यावर बस.” तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

या विषयाला मराठीत जुना शब्द आहे, रसद. फारसीत ‘रसीदन’ म्हणजे पोहोचणे. त्यातून हा शब्द आपल्याकडे आला. माल हलवण्याच्या धंद्यातली आपली बरीचशी बोली अशीच आली आहे. हमाल आणि दलाल अरबीतून आले, बारदाना फारसीतून. भाषा फौजेबरोबर आली आणि बाजारात राहिली. पण त्या फौजांना खाऊ कोण घालत होते? बंजारे.

मोगल काळात दख्खनवर चालून येणाऱ्या लष्कराच्या मागे बंजाऱ्यांचे तांडे असत. १६३०च्या सुमारास आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी या नाईकांचे एक लाख ऐंशी हजार बैल दख्खनमध्ये आले, अशी बंजारा समाजातली परंपरा सांगते. आकडा परंपरेचा आहे, तो तसाच घ्यावा. पण १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तरेत धान्य घेऊन चाललेला जो तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते असे त्याने नोंदवले आहे. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो धरले, तर हे साडेसतराशे टन होतात. आजच्या दहा टनी ट्रकांत भरायचे तर पावणेदोनशे ट्रक लागतील. डिझेल नाही, पंप नाही, पक्का रस्ता नाही.

हे जमत होते कारण बैल वाटेवरच चरत. चाऱ्याचा खर्च जवळपास शून्य, म्हणून वाहतूक स्वस्त. आणि चरायला वेळ द्यावा लागे, म्हणून चाल मंद. स्वस्त की लवकर, हा पेच भाच्याच्या पुस्तकात एका अख्ख्या प्रकरणात सोडवला आहे. तांड्याचा नाईक तो रोज सकाळी सोडवत असे. कोणत्या वाटेवर पाणी आहे, कुठे गवत उरले आहे, पाऊस कधी गाठेल, पुढच्या बाजारात मिठाला काय भाव असेल, हे सगळे त्याच्या डोक्यात असे. आणि महत्त्वाचे म्हणजे, बंजारा नुसता भाडेकरू वाहतूकदार नव्हता. पुष्कळदा माल त्याचाच असे. किनाऱ्याकडून मीठ घ्यायचे, आत विकायचे, धान्य भरून पुढे निघायचे. वाहतूक आणि व्यापार एकाच हातात होते, म्हणून नफाही त्याच हातात राही.

या धंद्यात मुसलमानही होते. तुर्किया आणि मुकेरी या बंजाऱ्यांच्या मुसलमान शाखा इंग्रजी काळातल्या जातींच्या नोंदींत सापडतात. मक्केशी नाते सांगणारा मुकेरी आणि तांड्यातला गोर बंजारा यांचा धंदा आणि बैल सारखेच होते.

इंग्रजांनी हे बारकाईने पाहिले होते. १८०३ साली आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढला. असईनंतर २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातल्या अडगावला लढाई झाली, मग गाविलगड पडला. त्या मोहिमेतला त्याचा पत्रव्यवहार पाहिला तर तलवारीपेक्षा तांदूळ आणि बैल यांचीच चिंता जास्त दिसते. बंजाऱ्यांना वेळेवर पैसे द्यायचे आणि त्यांना आपल्याकडे टिकवायचे, हे त्याने इथे शिकून घेतले. पुढे स्पेनमध्ये नेपोलियनच्या सेनापतींविरुद्ध त्याने जी रसदव्यवस्था उभी केली, तिची शाळा दख्खनमध्ये भरली होती.

आता कापसाकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुंबईला जात नसे. तो बैलांच्या पाठीवर सातआठशे किलोमीटर लांब मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेतल्या नावांनी बंगालकडे. पुढे पेस्तनजींसारख्या पारशी व्यापाऱ्यांनी त्याला मुंबईची वाट दाखवली. वऱ्हाड तेव्हा निजामाचे होते. कर्जापायी आणि कंटिन्जन्ट फौजेच्या थकलेल्या पगारापायी निजामाने ते १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात दिले, आणि १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने. ज्या दरबाराच्या पदरी देशातली सर्वांत चांगली कापसाची जमीन होती, त्याला तिचा हिशेब ठेवता आला नाही. आपल्या तवारिखेतल्या या गोष्टीवर आपण फारसे बोलत नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. एकाच ठिकाणच्या मालावर अवलंबून राहिले की काय होते, याचे जगातले हे मोठे उदाहरण. नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. यवतमाळ मात्र त्या मार्गावर नव्हते. जवळचे स्टेशन धामणगाव, साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर. मग धामणगावपर्यंत पक्का रस्ता झाला आणि त्यावर कापसाच्या बंड्या चालू लागल्या.

इथे तांडा संपला. नुसत्या वेगाने तो हरला, असे मला वाटत नाही. कापसापायी पडीक जमिनी नांगराखाली आल्या, रानाला सरकारी राखीवपणाची कुंपणे पडली आणि बैलाचे फुकट इंधन संपले. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या पुस्तकात कापसाच्या या विस्ताराचा दुष्काळाशी असलेला संबंध तपशिलाने मांडला आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात रेल्वे होती, तरी माणसे मेली. आगगाडी धान्य आणू शकत होती, पण ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या दारात ते उतरत नव्हते.

त्या काळातला बंजाऱ्यांवरचा एक महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ कंबरलेज याने लिहिला. तो १८६९च्या सुमारास लिहिलेला मानला जातो, १८८२ साली पुन्हा छापला गेला. हा कंबरलेज व्यापारी नव्हता, वाहतूक खात्यातलाही नव्हता. तो वऱ्हाड पोलिसातला अधिकारी होता. दोन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या मिनतवाऱ्या केल्या, त्यांची माहिती आता पोलिसांनी गोळा करावी! महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘विमुक्त’ या शब्दामागे गुन्हेगार जमातींचा तो कायदा उभा आहे. पिंजाऱ्यांचेही तसेच. विलायती कापड आले, घरोघरची सूतकताई बसली आणि आपल्या नद्दाफ-मन्सुरी भावांची धनुकली गाद्या-रजयांपुरती उरली.

एक गोष्ट या साखळीबद्दल फार शिकवून जाते. हिंगणघाट-वणीकडचा ‘बनी’ कापूस लांब धाग्याचा, नावाजलेला. लँकेशायरला तोच हवा होता. पण शेतकऱ्याने हळूहळू ‘जरी’ नावाचा आखूड, जाड धाग्याचा कापूस धरला. साहेबांनी त्याला अडाणी ठरवले. हिशेब साधा होता : जरी लवकर येई, आणि जिनमध्ये त्याची सरकी कमी व रुई जास्त निघे. बाजार वजनावर पैसे देत होता, धाग्याच्या लांबीवर नाही. मँचेस्टरची पसंती दलालापर्यंत पोहोचत होती, तिचा भाव शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

मग आली शकुंतला. मुंबईतल्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग बांधला. दारव्हा, कारंजा या कापसाच्या गावांतून तो जाई. रुळांतले अंतर जेमतेम अडीच फूट. बांधायला स्वस्त, पण मूर्तिजापूरला मोठी लाइन लागली की प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवायची. भांडवलात वाचलेला पैसा असा हमालाच्या पाठीवर गेला. मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. आपण अजून इंग्लंडला भाडे भरतो, असे शकुंतलेबद्दल हौसेने लिहिले जाते. ते इतके सरळ नाही, किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली होती. आता ती गाडी बंद आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठ्या लाइनची गाडी सुरू झाली. यवतमाळ शहर त्याच मार्गावर पुढे आहे.

१९१३ साली पुसद तालुक्यातल्या गहुलीला, एका बंजारा कुटुंबात, वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९७२ साली, कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याच्या बंडीपासून गाठीच्या विक्रीपर्यंतची सगळी साखळी सरकारने हातात घेतली, म्हणजे मधला नफा शेतकऱ्याला मिळावा. कल्पना तांड्याच्या जुन्या व्यवहाराजवळची होती : वाहणारा, विकणारा आणि कमावणारा यांची फारकत होऊ नये. पण निर्णय आता नाईकाच्या डोक्यात नव्हता, ग्रेडरच्या टेबलावर होता. केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागत, चुकारे रखडत. आणि ज्या वर्षी पैनगंगेपलीकडे भाव चढा असे, त्या वर्षी कापूस रातोरात नदी ओलांडून आदिलाबादच्या बाजाराला लागे. कायद्याने ती चोरटी वाहतूक होती, आणि तिच्यासाठी सीमेवर नाकी बसली होती.